तळ्याखालचं सारवण

१

त्या उन्हाळ्यात आसिलकानची सकाळ एकाच चालीने चालायची. चुलीवर चहा, त्यात दूध आणि चिमूटभर मीठ, आदल्या दिवशीच्या नानचे तुकडे, त्यावर घट्ट साय. तेवढ्यात तुरार मधमाश्यांच्या पेट्यांपाशी एक चक्कर मारून यायचा, ती रबरी बूट चढवायची आणि दोघं नवराबायको तराफा ढकलत सारीतोरच्या पाण्यात शिरायची.

सारीतोर म्हणजे काही मोठं तळं नव्हे. तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूला वेत आणि तुरारच्या वडिलांचं मातीचं दोन खोल्यांचं घर. हिवाळा शहरात काढून दोघं मे महिन्यात इथे यायची. पाणी गोडं, बर्फाचं, आणि वारा पडला की इतकं स्वच्छ की तळाचे शंख मोजावेत. नोकरीत असताना आसिलकानने आयुष्यभर गव्हाच्या शेतांची माती तपासली. निवृत्त झाल्यावर शहरातल्या जुन्या कार्यालयाने तिला विचारलं होतं, तळ्याचा तळ तपासून द्याल का? तळ उपसून ती माती खालच्या शेतांवर घालायचा विचार होता. तिने हो म्हणायला घटकाभरही वेळ लावला नाही. बिनघोर झोप, उन्हात वाळणाऱ्या जर्दाळूंचा वास, आणि हातात आवडीचं काम. आणखी काय लागतं माणसाला?

काम सोपं होतं. तराफा एका जागी धरायचा. लांब पारदर्शक नळी पाण्यातून खाली सोडायची, तळात रुतवायची, वरच्या तोंडाला बूच लावायचं आणि अलगद ओढायची. फट् असा ओला आवाज करून तळ तिला सोडायचा. मग नळीत माती उभी दिसायची, थरावर थर. वर सायीसारखा सैल गाळ, खाली शंखांचा चुरा, त्याखाली सडक्या अंड्याच्या वासाची काळीनिळी चिकणमाती.

"बायबिचे, चिखलाला माती म्हणण्यासाठी तुला पैसे देतात," काठीने तराफा आवरत तुरार म्हणाला. बायबिचे म्हणजे घरची थोरली मालकीण. धाकटी बायको कधी आली नव्हती, पण लग्नापासून तो तिला तसंच चिडवायचा.

"चिखल तुझ्या बुटांना लागतो तो," ती म्हणाली. "हिच्यात मुळं धरतात, किडे नांगरतात, ही जन्मते, म्हातारी होते. वर पाणी आहे एवढंच. डोक्यावर टोपी घातली म्हणून तू माणूस नाहीस असं मी म्हणते का?"

"कधीकधी म्हणतेस."

ती हसली आणि नळी उन्हात धरली. शंखांच्या थराच्या जरा वर एक पिवळट पट्टा होता, बोटभर जाड. याआधी इथे असा पट्टा कधी आला नव्हता. तिने माती बाहेर काढून तो नखाने उकलला. मळलेली चिकणमाती, तीत बारीक कापलेला गव्हाचा भुसा. वरची बाजू हात फिरवल्यासारखी गुळगुळीत.

पाण्याखाली भुसा काळा पडतो, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. हा पिवळाधमक होता. कालच खळ्यावरून आणल्यासारखा.

२

आसिलकान घाबरणाऱ्यातली नव्हती. तिने आधी सोपी कारणं शोधली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून गवताच्या गाड्या जातात, त्यातून सांडलं असेल. पण सांडलेला भुसा मातीत मळून कोण देतो? एखादी पडलेली भिंत वाहून आली असेल. पण मग गुळगुळीत बाजू बरोबर वर कशी?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच जागी गेली. खुणेची काठी, तिला बांधलेली लाल चिंधी, सगळं जसंच्या तसं होतं. घट्ट मातीत नळीचं भोक बरेच दिवस उघडं राहतं, हे तिला अनुभवाने माहीत होतं. तिने काठीने तळ चाचपला. भोक सापडेना.

"जागा चुकली," तुरार म्हणाला.

"चिंधी तूच बांधलीस."

"म्हणूनच म्हणतो, चुकली असेल."

तिने नळी रुतवली. या वेळी ती कालच्या भोकाशेजारी जरा सरकून बसली आणि म्हणूनच सांधा दिसला. नळीत एका बाजूला जुना पिवळा पट्टा होता, दुसऱ्या बाजूला तिने काल पाडलेलं भोक, आणि ते बुजवलेलं होतं. भुसा घातलेली ताजी माती आत दाबून भरली होती, कडा पाण्याच्या हाताने मिटवल्या होत्या. वर सारवणाच्या कमानी उठल्या होत्या, चार बोटांच्या, एकीला एक लागून.

माती बाहेर काढून आसिलकानने आपला उजवा हात त्या कमानींवर ठेवला. बोटं जवळजवळ बरोबर बसली. करंगळीची रेघ तेवढी तिच्यापेक्षा बारीक होती.

"काय मिळालं?" तुरारने विचारलं.

"गाळ आपोआप भरतो कधीकधी," ती म्हणाली. हे खरंही होतं. गाळ आपोआप भरतो. कमानी आपोआप उमटत नाहीत, एवढंच ती बोलली नाही.

विचित्र हे की परतताना तिला भीतीपेक्षा ओशाळल्यासारखं जास्त वाटत होतं. कुणाच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणातून बुटांनी चालत गेल्यावर वाटतं, तसं.

३

उलपान शेजारीण. वेताच्या पलीकडे तिचं घर. नवरा जाऊन बराच काळ झाला होता आणि एकुलता मुलगा एर्मेक रशियात कुठेतरी खोदकामाचं यंत्र चालवत होता. ती आली की हात हलवत कधी यायची नाही. त्या दुपारी तिने परातभर बोरसोक आणले, कणकेचे तळलेले गरम तुकडे.

"एजे, तुमच्या नळीचं काय ठरलं?" थोरली बहीण म्हणून ती आसिलकानला एजे म्हणायची आणि थोरला भाऊ म्हणून तुरारला आके. "माती चांगली आहे ना?"

"बघतेय."

"चांगलीच असणार. बदकं बघा कशी माजलीत." तिने पियाला पुढे केला. "तुम्ही चांगली म्हणालात की यंत्र येणार. यंत्र आलं की चालवायला माणूस लागणार. मी जिल्ह्यातल्या साहेबाला सांगून ठेवलंय, माणूस आमच्या घरात आहे. एर्मेक म्हणाला, आई, काम असेल तर मी उद्या निघतो."

"बायको आणेल तिकडची," तुरार म्हणाला.

"आणू दे की. मी तिला बोरसोक शिकवीन आणि ती मला रशियनमध्ये शिव्या देईल. घरात आवाज तरी होईल, तुरार आके."

तिघंही हसली. खिडकीतून ऊन येऊन भिंतीशी रचलेल्या रजयांवर पडलं होतं. आसिलकानने तिसऱ्यांदा चहा ओतला. ओतताना तिला वाटलं, असंच चालू राहावं, यात काही कमी नाही, काही जास्त नको.

तेव्हा तो आवाज आला. खोलीच्या कोपऱ्यातून, शिरदाकच्या, जाड लोकरी गालिच्याच्या खालून. मोठा नव्हता. आधी काहीतरी घासत वर चढल्यासारखा आणि मग ओला, तुटका.

फट्.

"उंदीर," तुरार म्हणाला आणि बोरसोक सायीत बुडवला.

उलपानला तर ऐकूही आलं नव्हतं. ती एर्मेकच्या शाळेतली एक गोष्ट सांगत होती. आसिलकानच्या हातात चहाची किटली तशीच राहिली. तो आवाज तिने महिनाभर रोज ऐकला होता. पण वरून ऐकला होता. खालून तो कसा ऐकू येतो, हे तिला आज कळलं.

४

उलपान गेली, तुरार पेट्यांकडे गेला. आसिलकानने उगाच चूल पुसली, पियाले धुतले, पुसले. शेवटी गुडघे टेकून तिने शिरदाकचं टोक उचललं.

जमिनीला भोक पडलं होतं. पियाल्याच्या तोंडाएवढं, गोल, कडा सुरीने कापल्यासारख्या. उंदराच्या बिळापाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो. इथे मातीचा कणही नव्हता. जितकी माती निघाली होती, तितकी कुणीतरी सरळ काढून नेली होती.

ती वाकली. बाजूंना जमिनीचे थर दिसत होते. वरचं सारवण तिचं, मे महिन्यातलं, घाईत घातलेलं. त्याखाली सासूचं, नीट, एकसारखं. त्याखाली आणखी कुणाकुणाचं. एका थरात राख होती, एकात मण्याचा निळा तुकडा. सगळं ओळीने, जसं ती तळ्याचं बघायची तसं. आणि खाली काळोख. काळोखातून गार हवा येत होती, वेताच्या मुळांचा वास घेऊन.

 तिच्या मनात जे आलं ते तिने नंतर तुरारलाही सांगितलं नाही. तिला वाटलं, आत्ता या क्षणी आपली जमीन कुणाच्या तरी समोर आडवी ठेवलेली आहे. कुणीतरी बोटाने ते थर चाचपून बघतंय. मे महिन्यातल्या सारवणाशी थांबून म्हणतंय, हे घाईत घातलंय.

तिचे कान तापले.

"काय गं, काय हरवलं?" तुरार दारात उभा होता.

"उंदराचं बीळ."

त्याने वाकून बघितलं. नुसतं बघितलं नाही, भोवती बोट फिरवलं. "उंदीर शाळेत माझ्या हाताखाली शिकला असणार," तो म्हणाला. तुरार गणित शिकवायचा. "असं वर्तुळ माझ्या एकाही पोराला जमलं नाही." मग त्याचं हसू जरा ओसरलं. "बायबिचे, तू नळी घरात वापरून बघितलीस का?"

"हो," ती म्हणाली. "बघितली."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. कारण मिळालं की माणसाला बरं वाटतं. तो माती आणायला डोंगराकडे गेला, तिने भुसा कापला, दोघांनी पायाने गारा मळला. पण भोक बुजवायला ती एकटीच बसली. आत मूठमूठ दाबत गेली. शेवटच्या मुठीला हात क्षणभर थांबला, कारण खालून माती उचलून धरल्यासारखी वाटली, जणू पलीकडून कुणी तळवा लावला होता, भर खाली पडू नये म्हणून.

तिने हात मागे घेतला नाही. वरून गुळगुळीत केलं, पाण्याचा हात फिरवला आणि कमानी काढल्या. या वेळी घाई न करता.

५

त्यानंतर तिने तळ्यावर जाणं बंद करायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण अहवाल द्यायचा होता, आणि उलपान रोज वेतापलीकडून हात उंच करून विचारायची, झालं का? शिवाय आसिलकानला मातीबद्दल अर्धवट बोलण्याची सवय नव्हती.

वारा पडलेल्या एका भर दुपारी दोघं निघाली. पाणी काचेसारखं होतं. तळ्याच्या मधल्या उथळ भागात, जिथे तिने अजून नळी घातली नव्हती, तुरारने काठी रोवून तराफा धरला. तिने पोटावर पडून खाली बघितलं.

तळावर सैल गाळ नव्हता. झाडून बाजूला केल्यासारखा तो कडेला लोटलेला होता. मधली जमीन पिवळट होती आणि दृष्टी पोचेल तिथवर कमानीच कमानी. ओळींवर ओळी, मोठ्या हाताच्या. आणि त्यांच्या कडेकडेने, शिकाऊ, वाकड्या, मध्येच सोडून दिलेल्या, लहान हाताच्याही.

"दिसतंय का काही?" पाठमोऱ्या तुरारने विचारलं. त्याचं लक्ष बदकांच्या पिल्लांकडे होतं.

"गवत," ती म्हणाली.

तिने नळी उभी सोडली. तळापासून वितीभर वर थांबवली आणि वरच्या तोंडाला डोळा लावला, दुर्बिणीला लावतात तसा. नळीतलं पाणी स्वच्छ होतं. खालच्या टोकाला पिवळा गोल दिसत होता, त्यात एका कमानीचा तुकडा. तिचा श्वास नळीत घुमत होता.

रुतवू की नको? तिने मनाशी म्हटलं, फक्त एक. शेवटची. आणि नळी खाली दाबली.

ती खाली गेली नाही.

गोल अंधारला. आधी तिला वाटलं ढग आला. मग अंधाराला रेषा दिसल्या. नळीच्या खालच्या तोंडावर तळवा होता. मातीने माखलेला, रेषांत भुसा अडकलेला, पाण्यात राहून सुरकुतलेला, कामाचा तळवा. अंगठ्याच्या मुळाशी चिकणमाती वाळल्यावर पडते तशी भेग होती. आसिलकानच्या हाताला दर मे महिन्यात पडते तशीच. तो नळी ओढत नव्हता, ढकलत नव्हता. फक्त झाकून धरत होता, जसं आपण पाहुण्याने आणखी वाढू नये म्हणून ताटावर हात धरतो.

मग तो हलकेच उचलला गेला, पुन्हा टेकला. थोपटल्यासारखं. ती थोपट नळीतून वर चढून तिच्या भुवईच्या हाडात पोचली.

पुन्हा पिवळा गोल. कमानीचा तुकडा. आणि काही नाही.

"दगड लागला का?" तुरारने वळून विचारलं. "तराफा हलला."

तिने नळी वर ओढली. ती हलकी आली, आत नुसतं पाणी. तोंडाच्या कडेला भुशाची एक पिवळी काडी चिकटली होती. ती तिने पाण्यात सोडून दिली.

"हो. दगडच आहे सगळा. चल घरी."

"पांढरी पडलीस."

"भूक लागलीय."

"मग हरकत नाही," तुरार म्हणाला आणि काठी उपसली.

घरी ती दोन वाडगे नूडल्सचा रस्सा प्यायली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. याचंच तिला सगळ्यात जास्त नवल वाटायचं. ती गाढ झोपली.

६

अहवालात तिने लिहिलं की तळाची माती वाऱ्यावर आली की आंबते आणि पिकांची मुळं जाळते. यात खोटं काही नव्हतं. काळी माती उन्हात धरली की तांबूस पडायची, वास मारायची. पण ती थोडीच आंबायची आणि चुना घातला की भागलं असतं. चुन्याचं तिने लिहिलं नाही.

उपसा रद्द झाला. ही बातमी उलपानला जिल्ह्यातून कळली आणि वेतापलीकडचा हात उंच होईनासा झाला. उन्हाळा ओसरला, डोंगरावरून मेंढरं उतरली, तुरारने मध काढला. त्याने मधाची बरणी तिकडे नेली, तर उलपानने ती घेतली, रिकामी करून, धुऊन दारातच परत दिली. आत या म्हणाली नाही.

आसिलकानला ते फार लागलं. बाकी तिचं सगळं चांगलं चाललं होतं. घर उबदार होतं, जमिनीतून पुन्हा आवाज आला नव्हता, शहरातला हिवाळा यंदा नको, इथेच राहू, असं दोघांनी ठरवलंही होतं. पण संध्याकाळी पलीकडच्या खिडकीत एकच दिवा लागायचा आणि तिला खाल्लेलं गोड लागायचं नाही.

पहिलं बर्फ पडायच्या सुमारास उलपान स्वतःच आली. हातात काही नव्हतं. बूट न काढता उंबऱ्यावर उभी राहिली.

"एर्मेक यंदा येत नाही. तिकडेच राहतोय," ती म्हणाली. "रडायला नाही आले मी. एकच विचारायला आले. एजे, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. माती खरंच वाईट होती?"

तुरार मान वर करून बायकोकडे बघायला लागला. 

"माती चांगली होती," आसिलकान म्हणाली.

 उलपानची हनुवटी तेवढी हलली.

"लाज वाटते मला तुझ्यासमोर. पण पुन्हा विचारलं तरी तेच लिहीन."  इतके दिवस ती मनाशी जुळवत असलेली वाक्यं सगळी निघून गेली आणि एकच उरलं. "उलपान, तिथे खाली कुणीतरी राहतं."

तिला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर दार आपटून जाईल. तुरार खुर्चीतून अर्धा उठला होता. उलपानने मात्र तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे, मग खाली, कोपऱ्यातल्या शिरदाककडे. काहीतरी आठवत असल्यासारखी. 

"राहतं?" ती शेवटी म्हणाली. "म्हणजे घर करून?"

"घर करून. रोजचं झाडलेलं, सारवलेलं."

उलपानने खाली वाकून एक बूट काढला, मग दुसरा, भिंतीला लावून ठेवले. आत येऊन बसली. आसिलकानने पियाला पुढे सरकवला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"मग आधी सांगायचंत ना," ती म्हणाली. "राहत्या घरावर यंत्र घालायला माझ्या पोराला बोलावलं असतं का मी?"

तुरार पुन्हा खाली बसला.  चहा ओतला गेला, साय पुढे आली.  हळूहळू उलपान बोलायला लागली, मेंढरांबद्दल, पिठाबद्दल, एर्मेकने पाठवलेल्या फोटोतल्या एका मुलीबद्दल. आवाज तिने आपोआप खाली आणला होता. आसिलकाननेही.

निघताना उलपान दाराशी थांबली.

"पोरंबाळं आहेत का हो त्यांच्यात?" तिने कुजबुजत विचारलं.

"एक तरी आहे," आसिलकान म्हणाली. "सारवायला शिकतंय."

उलपानने मान हलवली. मग तिने बूट हातातच घेतले आणि लोकरी मोज्यांनी, टाचा न वाजवता, गोठलेल्या अंगणातून पाऊल जपत जपत तळ्याच्या कडेने घरी गेली.